टीव्हीवरचे कार्यक्रम उतरवून घेणारा डीव्हीडी रेकॉर्डर : सांगलीतल्या घरातला दीर्घ वापर

डीव्हीडी रेकॉर्डर घेणाऱ्या बहुतेकांनी तो एकाच कारणासाठी घेतला : आपण घरी नसताना लागणारा कार्यक्रम टायमर लावून मुद्रित करावा आणि पुढे सवडीने पाहावा. बरीच वर्षे वापरल्यानंतर माझे मत असे झाले आहे की हे यंत्र नेमके याच कामात बेभरवशाचे आहे. माणूस रिमोट हातात घेऊन समोर बसला असेल तर मात्र ते अतिशय चोख काम करते, आणि त्यातून जी डिस्क हाती येते ती खऱ्या अर्थाने आपली असते. तिला महिन्याचा रिचार्ज लागत नाही, इंटरनेट लागत नाही आणि वाहिनीने कार्यक्रम काढून टाकला म्हणून ती कोरीही होत नाही.

माझ्याकडचे यंत्र एका जपानी कंपनीचे, हार्ड डिस्क नसलेले, साध्या बांधणीचे आहे. मागे केबलची वायर आत घेण्याचे आणि टीव्हीकडे बाहेर काढण्याचे तोंड, पिवळ्या-पांढऱ्या-लाल पिनांच्या जोड्या, एस-व्हिडिओचे छोटे गोल तोंड आणि पुढे झाकणाआड व्हिडिओ कॅमेऱ्याची डीव्ही वायर लावण्याची सोय एवढा त्याचा पसारा आहे. पायोनियरने जपानात घरगुती डीव्हीडी रेकॉर्डर १९९९ च्या अखेरीस बाजारात आणला. आपल्याकडे पुढे डीव्हीडी प्लेअर घरोघरी झाला, रेकॉर्डर मात्र मोजक्याच घरांत पोचला. त्याचे एक कारण उघड आहे. डिस्का बनवणाऱ्या मोझर बेअर कंपनीने २००७ च्या सुमारास चित्रपटांच्या डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढल्यावर तोच चित्रपट टीव्हीवरून जाहिरातींसकट उतरवत बसण्यात काही अर्थ उरला नाही. त्यामुळे या यंत्राचे मोल ठरवताना चित्रपट बाजूलाच ठेवावेत. सह्याद्री वाहिनीवरच्या मुलाखती, गाण्याच्या मैफली, टीव्हीसाठी चित्रित केलेली नाटके, स्थानिक केबलवर दाखवली जाणारी सांगली संस्थानच्या गणपतीची पाचव्या दिवसाची मिरवणूक, अशा ज्या गोष्टी दुकानात कधी विकत मिळणारच नव्हत्या, त्यांच्यासाठी हे यंत्र आहे. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये मराठी नाटकाची मुहूर्तमेढ रोवली ती याच गावात, त्यामुळे टीव्हीवर लागलेले नाटक जपून ठेवावेसे वाटणारी माणसे इथे गल्लोगल्ली भेटतात. माझा बहुतेक वापरही नाटके आणि गाणे यांसाठीच झाला.

घरी ॲनालॉग केबल होती तोवर हे यंत्र खरोखर सुखाचे होते. केबलची वायर थेट रेकॉर्डरमध्ये जायची, त्याचा स्वतःचा ट्यूनर सगळ्या वाहिन्या शोधून क्रमाने लावून ठेवायचा, आणि एका वाहिनीवरचे गाणे मुद्रित होत असताना टीव्हीवर दुसऱ्या वाहिनीवरची मालिका पाहता यायची, ज्यामुळे संध्याकाळचे घरगुती तंटे बरेच कमी झाले. टायमरला वाहिनी, तारीख, सुरुवात आणि शेवट एवढे सांगितले की पुरे. कार्यक्रम उशिरा सुरू होण्याची आपल्याकडची सवय धरून पाच मिनिटे आधी आणि पंधरा मिनिटे नंतर एवढी मोकळी जागा सोडावी लागे, इतकीच काय ती काळजी.

आता चित्राच्या दर्जाविषयी, कारण पहिल्यांदा वापरणाऱ्याचा सर्वाधिक घोळ इथेच होतो. एका थराच्या डिस्कची क्षमता ४.७ जीबी असते आणि ती किती वेळात संपवायची हे आपण ठरवायचे असते. एक्सपी या सर्वोच्च दर्जात १ तास, एसपीमध्ये २ तास, एलपीमध्ये ४ तास आणि ईपीमध्ये ६ तास (काही यंत्रांत ८ तास) मावतात. हे केवळ चित्र थोडे कमी-अधिक स्पष्ट होण्याचे प्रकरण नाही. आपल्याकडच्या टीव्हीच्या पाल पद्धतीत डीव्हीडीचे पूर्ण चित्र ७२० बाय ५७६ बिंदूंचे असते. एसपीपर्यंत ते तसेच राहते, पण एलपीला गेल्यावर बहुतेक यंत्रे आडवे बिंदू निम्म्यावर आणून ३५२ बाय ५७६ असे चित्र करतात आणि ईपीला उभेही निम्मे करतात. म्हणजे ईपीत मुद्रित केलेला कार्यक्रम हा जवळजवळ जुन्या व्हिडिओ कॅसेटच्याच दर्जाचा असतो, वर चौकोनी ठिपक्यांची भर.

याला आणखी एक बाजू आहे, जी माहितीपुस्तिकेत लिहिलेली नसते. डीव्हीडीवर चित्र आवळून साठवण्याच्या एमपेग-२ या पद्धतीत चित्राचा जो भाग बदलत नाही त्याला जागा कमी लागते आणि जो बदलतो त्याला जास्त लागते. केबलचा सिग्नल मुंग्यांनी भरलेला असेल तर यंत्राच्या दृष्टीने प्रत्येक मुंगी ही नवी हालचाल असते, आणि माणसाच्या चेहऱ्यासाठी वापरायची जागा ते मुंग्या टिपण्यात घालवते. त्यामुळे टीव्हीवर चालवून घेण्याजोगे दिसणारे अस्वच्छ चित्र एलपीत मुद्रित झाल्यावर पाहवत नाही. रेकॉर्डर वाईट आहे असे म्हणण्याआधी केबलचा जोड तपासावा, असे मी त्या काळात अनेकांना सांगत असे. स्वच्छ सिग्नलवर बैठी मुलाखत एलपीत उतरवली तर तक्रारीला जागा नसते, कारण दोन माणसे आणि एक पडदा यांपलीकडे तिथे काही हलत नाही. क्रिकेटचे नेमके उलटे. कसोटीच्या एका दिवसाचा खेळ ६ तासांचा, म्हणून जेवणाच्या आणि चहाच्या सुट्टीत मुद्रण थांबवले तर तो ईपीच्या एका डिस्कवर बरोबर मावतो, हा हिशोब कागदावर मोहात पाडणारा आहे. पण कॅमेरा चेंडूमागे धावू लागला की गवताचे हिरवे चौकोन होतात आणि चेंडू त्यांत कुठे गेला हे समालोचकाच्या आवाजावरून ओळखावे लागते. सामना ठेवायचाच असेल तर एसपी लावावे आणि डिस्का बदलण्यासाठी समोर बसावे.

नाटकासाठी बहुतेक यंत्रांत एक चांगली सोय आहे, तिला फ्लेक्झिबल किंवा एफआर म्हणतात. कार्यक्रमाची लांबी सांगितली की डिस्कवर तेवढाच वेळ मावेल असा दर्जा यंत्र स्वतः ठरवते. सव्वादोन तासांच्या नाटकासाठी एलपीचे नुकसान सोसावे लागत नाही. मात्र डिस्क काठोकाठ भरू नये, असे मी आग्रहाने सांगेन. डीव्हीडीवर मुद्रण मध्यापासून सुरू होऊन कडेकडे सरकते, आणि स्वस्त डिस्कांची कडच आधी दगा देते. बोटांचे ठसेही तिथेच उमटतात. त्यामुळे काही वर्षांनी जी डिस्क अडखळते ती नाटकाच्या शेवटच्या प्रवेशात अडखळते, दोन अंक निवांत पाहून झाल्यावर. दहा मिनिटांची जागा कडेला रिकामी सोडली तर हे दुःख बरेचसे टळते.

जाहिराती कापण्याचे काम मला मनापासून आवडते, आणि या यंत्राचा खरा स्वभाव तिथेच कळतो. त्यासाठी पुन्हा पुन्हा लिहिता येणारी डीव्हीडी-आरडब्ल्यू डिस्क व्हीआर (नंतर कापाकापी करू देणाऱ्या) पद्धतीने तयार करून घ्यावी किंवा तशीच डीव्हीडी-रॅम वापरावी. मग जाहिरातीचा आरंभ आणि शेवट रिमोटने खुणावून तेवढा तुकडा वगळता येतो, आणि मोकळी झालेली जागा पुन्हा वापरता येते. एकदाच लिहिता येणाऱ्या डीव्हीडी-आर डिस्कवर पुसलेला भाग दिसेनासा होतो, पण जागा परत मिळत नाही. कापण्यात एक मर्यादा कायम राहते. चित्रे सुटी सुटी न साठवता साधारण अर्ध्या सेकंदाच्या गटांनी साठवलेली असतात, त्यामुळे काही यंत्रांत काप नेमक्या चित्रावर न बसता गटाच्या सीमेवर बसतो. माझ्या संग्रहातल्या एका मैफलीत तानपुरा पुन्हा कानावर येण्याआधी कुठल्याशा साबणाच्या जाहिरातीतले एक तुटके अक्षर ऐकू येते आणि लगेच षड्ज लागतो. आता ते अक्षर मला त्या रागाचाच भाग वाटू लागले आहे. कार्यक्रमाला नाव देण्याची सोयही आहे, पण अक्षरे रोमनच. पडद्यावरच्या पाटीवर बाणांनी एकेक अक्षर निवडत नाटकाचे नाव लिहिण्यापेक्षा मी डिस्कवरच मार्करने मराठीत लिहितो.

समोर बसून सुरू करणे, थांबवणे, कापणे, नाव देणे हे सगळे हे यंत्र न कुरकुरता करते. घराबाहेर पडल्यावर काय होते ते सेट-टॉप बॉक्स आल्यानंतर कळले. केबलच्या डिजिटायझेशनच्या तिसऱ्या टप्प्यात मोठ्या शहरांनंतरचा उरलेला शहरी भाग होता आणि त्याची मुदत ३१ डिसेंबर २०१५ अशी ठरली होती. सांगली त्याच टप्प्यातली. बॉक्स आला आणि रेकॉर्डरचा ट्यूनर निरुपयोगी झाला, कारण वाहिनी आता बॉक्स निवडतो आणि रेकॉर्डरला पिवळ्या पिनेतून जे मिळेल ते निमूट लिहून घ्यावे लागते. टायमर लावायचा तर बॉक्स त्या वाहिनीवर लावून, चालू ठेवून बाहेर पडायचे. घरातल्या कोणी मध्येच वाहिनी बदलली तर डिस्कवरही ती बदलते. एक वाहिनी मुद्रित करताना दुसरी पाहण्याचे सुख तर कायमचेच गेले, दुसरा बॉक्स घेतल्याशिवाय ते परत येत नाही. अँटेना लावून दूरदर्शन घेण्याची जुनी वाटही आता राहिलेली नाही, कारण दूरदर्शनची ॲनालॉग प्रक्षेपण केंद्रे टप्प्याटप्प्याने बंद होत गेली.

त्यातच वीज. आमच्याकडे पावसाळ्यात लाइट जाणे नवे नाही, आणि दोन मिनिटे लाइट गेली तरी टायमरचा खेळ आटोपतो. ती परत आल्यावर रेकॉर्डर स्वतःला सावरून उरलेले मुद्रण कदाचित करेलही, पण बॉक्स पूर्वीच्या वाहिनीवर येईलच असे नाही. माझा बॉक्स केबलवाल्याच्या स्वतःच्या जाहिरात-वाहिनीवर उघडतो. गाण्याच्या कार्यक्रमाऐवजी तासभर पॅकेजचे दर सांगणारी डिस्क घरी आल्यावर हाती पडली, तेव्हापासून मी बॉक्स आणि रेकॉर्डर दोन्ही संगणकाच्या यूपीएसवर ठेवतो. मुद्रण चालू असताना किंवा डिस्क फायनलाइझ होत असताना (म्हणजे दुसऱ्या प्लेअरवर चालण्याजोगी होत असताना) वीज गेली तर डीव्हीडी-आर पूर्ण वाया जाऊ शकते, म्हणून यूपीएस हा या यंत्राच्या किमतीतच धरावा.

बॉक्समुळे आणखी दोन गोष्टी डिस्कवर येऊन बसल्या. एक म्हणजे पायरसी रोखण्यासाठी डिजिटल केबलवर अधूनमधून उमटणारा ग्राहकाच्या बॉक्सचा क्रमांक. पाहताना तो खटकत नाही, पण मुद्रित झाल्यावर तो गायिकेच्या कपाळावर कायमचा राहतो. दुसरी म्हणजे चित्राचा आकार. बॉक्स रुंद पडद्याचे चित्र ४:३ च्या चौकटीत दाबून पाठवत असेल तर डिस्कवरची सगळी माणसे उंच आणि हडकुळी होतात. बॉक्सच्या सेटिंगमध्ये काय निवडले आहे हे मुद्रणाआधी पाहावे. एचडी वाहिनी घेतली असली तरी रेकॉर्डरला तिचे साधे चित्रच मिळते, कारण एचडीएमआयमधून आत घेण्याची सोय या यंत्रांत नाही. शिवाय काही वाहिन्यांच्या सिग्नलमध्ये नकलबंदीची खूण असेल तर यंत्र सरळ नकार देते, तिथे वाद घालता येत नाही.

फायनलाइझ करणे हा प्रकार अनेकांना जाचक वाटतो, मला तो वाटत नाही. डीव्हीडी-आर दुसऱ्या प्लेअरवर चालावी म्हणून शेवटी ही क्रिया करावी लागते, तिला काही मिनिटे लागतात आणि त्यानंतर त्या डिस्कवर काही भर घालता येत नाही. पाहुण्यांना द्यायच्या डिस्कचे हे काम आदल्या रात्रीच उरकावे. आरडब्ल्यू डिस्क कागदोपत्री सुमारे हजार वेळा लिहिता येते. रोजची मालिका आरडब्ल्यूवर, ठेवायचे ते आरवर, एवढा नियम घरात पुरतो.

या यंत्राचे सर्वोत्तम काम मात्र टीव्हीशी संबंधित नाही, असे मला आता प्रांजळपणे वाटते. लग्नामुंजीच्या व्हीएचएस कॅसेटी व्हीसीआर जोडून डिस्कवर उतरवणे आणि मिनी डीव्ही कॅमेऱ्याच्या कॅसेटी पुढच्या तोंडातून थेट घेणे, या कामात ते आजही संगणकाच्या स्वस्त जोडण्यांपेक्षा उजवे ठरते, कारण आवाज आणि ओठ यांचा मेळ कुठेही सुटत नाही. अर्थात इथेही बसावे लागतेच. तीन तासांची कॅसेट उतरायला तीन तासच लागतात, आणि कॅसेटवर बुरशी असेल तर व्हीसीआरचे हेड मध्येच पुसावे लागते. विकतच्या काही कॅसेटींवर मॅक्रोव्हिजनचे कुलूप असते, त्या उतरत नाहीत. घरच्या कॅसेटींना ती अडचण नाही. ओळखीतल्या अनेक घरांच्या कॅसेटी मी अशा उतरवून दिल्या, आणि शेजारच्या काकूंनी आपल्या लग्नातले बँडवाले पाहून "अहो, हा तर अजून आपल्या चौकात वाजवतो!" असे जे उद्गार काढले, तेवढ्यासाठी तरी यंत्र ठेवावे.

डिस्क किती टिकते याची परीक्षा आमच्या भागात ऑगस्ट २०१९ च्या महापुराने घेतली. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून बरीच वर गेली होती आणि तळमजल्यावरच्या कपाटाचे खालचे कप्पे पाण्यात होते. रेकॉर्डर वरच्या मजल्यावर होता, संग्रहाचा काही भाग खाली. पाणी ओसरल्यावर कॅसेटींच्या आत बारीक गाळ बसलेला दिसला आणि त्या टाकून द्याव्या लागल्या. डिस्का मात्र स्वच्छ पाण्यात, साबणाचा एखादा थेंब घालून धुतल्या, उभ्या करून सावलीत वाळवल्या आणि मऊ कापडाने मध्यापासून कडेकडे, गोल न फिरवता, पुसल्या. ज्यांवर ओरखडे उमटले नव्हते त्या चालल्या. कागदी वेष्टने आणि त्यांवरची नावे गेली, मार्करने थेट डिस्कवर लिहिलेली नावे राहिली. याचा अर्थ डिस्क अमर आहे असा कोणी घेऊ नये. डीव्हीडी-आरमध्ये रंगद्रव्याचा थर असतो, त्याला ऊन आणि उष्णता मानवत नाही, आणि स्वस्त मालात कडेने हवा शिरून तो खराब होतो. महत्त्वाच्या डिस्का मी आता संगणकात उतरवून हार्ड डिस्कवर दुसरी प्रत ठेवतो. घरी मुद्रित केलेल्या डिस्कला कुलूप नसल्यामुळे यात काही खटपट पडत नाही, आणि डीटीएच कंपन्यांच्या रेकॉर्डिंगवाल्या बॉक्सपुढे हा मोठाच फायदा आहे, कारण तिथले मुद्रण त्याच बॉक्सला बांधलेले असते व बॉक्स बदलला की सोबत येत नाही.

आज कोणी नव्याने हे यंत्र घ्यावे का, असे विचारले तर उत्तर माणसागणिक बदलते. मालिका चुकू नये एवढीच गरज असेल तर घेऊ नये, ती गरज मोबाइल भागवतो. सह्याद्रीचेही बरेच जुने-नवे कार्यक्रम यूट्यूबवर सापडतात, ते आधी शोधावेत. घरात कॅसेटींचा गठ्ठा असेल, किंवा फ्री डिशच्या बॉक्सवरून दूरदर्शनवरचे गाणे-नाटक समोर बसून उतरवण्याची हौस असेल, तर अवश्य घ्यावे. पण आता ते नवे मिळत नाही, जुनेच घ्यावे लागते. सांगलीच्या हरभट रोडवर कोऱ्या डिस्का विचारल्या तर दुकानदार आधी पेनड्राइव्ह पुढे करतो. मोझर बेअर २०१८ मध्ये अवसायनात निघाल्यापासून चांगल्या डिस्का मिळाल्या की थोड्या जास्तच घेऊन ठेवाव्यात.

जुने यंत्र घेताना ते केवळ डिस्क वाजवते का हे पाहून पैसे देऊ नयेत. लेझर वाचण्यापुरता शाबूत पण लिहिण्यासाठी थकलेला, अशी यंत्रे पुष्कळ फिरतात. सोबत एक कोरी डीव्हीडी-आर न्यावी, विक्रेत्यासमोर दहा मिनिटे मुद्रण करावे, फायनलाइझ करावे आणि ती डिस्क दुसऱ्या प्लेअरवर लावून शेवटपर्यंत पाहावी. रिमोट मूळचाच मागावा. बाजारातला सर्वसाधारण रिमोट आवाज आणि चालू-बंद सांभाळतो, पण फायनलाइझचा मेन्यू अनेकदा मूळ रिमोटशिवाय उघडत नाही, आणि तो उघडला नाही तर उतरवलेल्या डीव्हीडी-आर त्या एकाच यंत्रात अडकून पडतात.